अॅडमिरल नोमुरा यांची वकिली

आरमारांतील अधिकारी उतारवयांत परराष्ट्रीं वकील म्हणून गेल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. परंतु जपानचे अॅडमिरल किचिसाबुरो नोमुरा यांच्यासारखा दुर्घट प्रसंग त्यांपैकीं क्वचितच कोणावर आला असेल. ता. ७ डिसेंबर १९४१ रोजीं वॉशिंग्टन येथें अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांच्या हातीं त्यांनीं खलिता दिला, तेव्हां पर्ल हार्बरवरील हल्ला सुरू होऊन सुमारें ५५ मिनिटें लोटलीं होतीं. तेव्हांपासून मुखीं संधि व पोटीं विग्रह बाळगणारा कपटी दूत, अशी त्यांची ख्याति झाली. ती कागदांच्या कसोटीस उतरत नाहीं, असें आमचें मत आहे.

नोमुरा यांचा जन्म १८७७ सालीं वाकायामा येथें झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळांत ते वॉशिंग्टनच्या वकिलातींत आरमारी प्रतिनिधि होते. त्या वेळीं अमेरिकेच्या आरमारखात्याचे उपमंत्री असलेल्या फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्याशीं त्यांचा परिचय झाला. ता. २९ एप्रिल १९३२ रोजीं शांघाय येथील समारंभांत झालेल्या बाँबस्फोटांत त्यांचा उजवा डोळा गेला. १९३७ सालीं आरमारांतून निवृत्त होऊन ते सरदारपुत्रांच्या गाकुशुइन विद्यालयाचे मुख्य झाले. (जन्म शाळेंत घालविलेल्या आमच्यासारख्यास हा भाग गोड वाटतो, पण प्रस्तुत विषयाशीं त्याचा संबंध थोडा.) पुढें कांहीं महिने परराष्ट्रमंत्रिपद भूषविल्यावर १९४० च्या अखेरीस त्यांची अमेरिकेस वकील म्हणून नेमणूक झाली. रूझवेल्ट यांचा जुना स्नेह उपयोगीं पडेल, हा त्यांतील हिशेब.

आतां मुख्य मुद्दा. १९४१ च्या एप्रिलांत दोन्ही राष्ट्रांच्या तडजोडीचा एक मसुदा पुढें आला. तो कोणत्याही सरकारनें केलेला नव्हता. दोन अमेरिकन पाद्री व त्यांचे जपानी सहकारी यांनीं तो खासगी रीतीनें तयार केला होता. ता. १६ रोजीं हल यांनीं नोमुरांस बजावलें कीं, तोकियोस मान्य असल्यास जपाननें हा मसुदा आपला म्हणून मांडावा, म्हणजे बोलण्यास आरंभ करतां येईल. त्यासोबत परराज्याच्या सार्वभौमत्वाचा आदर, अंतर्गत कारभारांत हात न घालणें, व्यापारांत समान संधि आणि प्रशांत महासागरांतील स्थिति शांततेवांचून न पालटणें, हीं चार तत्त्वें त्यांनीं सांगितलीं. नोमुरांनीं मसुदा धाडला. तत्त्वें त्यासोबत धाडलीं नाहींत. तोकियोंत प्रधान कोनोए आदि मंडळींनीं तो अमेरिकेचाच प्रस्ताव मानला. मग ता. १२ मेचें जपानी उत्तर अमेरिकेस मागणी वाढविल्यासारखें वाटलें, व अमेरिकेचें पुढील उत्तर जपानास शब्द फिरविल्यासारखें! जुनी पोथी हातीं आली असतां कर्ता कोण व प्रत कोणाची हें आपण प्रथम पाहतों. येथें तीच चौकशी चुकली. हा दोष नोमुरांचा खराच, आणि तो लहान नव्हे. पण तो अनभ्यस्त मुत्सद्द्याचा दोष आहे, कपट्याचा नव्हे.

कपटाविषयीं साक्ष प्रतिपक्षाच्याच दप्तरांत आहे. जपानची सांकेतिक लिपि अमेरिकनांनीं फोडली असल्यामुळें नोमुरांच्या तारा हल वाचीत होते. ता. २२ आक्टोबरच्या तारेंत नोमुरांनीं, लोकांस फसविणारें हें दांभिक जिणें आपणांस नको, अशा आशयाचें लिहून मोकळीक मागितली. ती मिळाली नाहीं. नोव्हेंबरांत त्यांस २९ तारखेची मुदत कळविण्यांत आली, तेव्हां कांहींतरी घोर घडणार हें त्यांनीं ओळखलें असलेंच पाहिजे. परंतु हल्ल्याचें स्थळ व वेळ तोकियोनें वकिलातीपासूनही झांकून ठेविली होती.

शेवटचा खलिता चौदा भागांत आला व दुपारीं १ वाजतां द्यावा अशी आज्ञा होती. नेहमीच्या कारकुनाकडून तो टंकलिखित करवूं नये असा हुकूम असल्यानें चिटणीस ओकुमुरा स्वतः यंत्रावर बसले, व विलंब होऊन खलिता २-२० वाजतां पोहोंचला. हल्ला वॉशिंग्टनच्या घड्याळाप्रमाणें १-२५ ला सुरू झाला होता. तथापि या विलंबास अवास्तव महत्त्व दिलें जातें. खलित्यांत वाटाघाटी निष्फळ झाल्याचें कळविलें होतें. युद्धाचा पुकारा त्यांत मुळींच नव्हता. वेळेवर पोहोंचता तरी पंचवीस मिनिटांत कोणास काय उमगलें असतें?

१९४२ सालीं बंदिजनांच्या अदलाबदलींत नोमुरा स्वदेशीं परतले. १९४६ पासून तोकियो येथें चाललेल्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत त्यांचे वरिष्ठ परराष्ट्रमंत्री तोगो आरोपी होते व त्यांस वीस वर्षांची शिक्षा झाली. आरोपींच्या यादींत नोमुरांचें नांव नव्हतें. १९५४ सालीं ते जपानच्या वरिष्ठ सभागृहांत निवडून आले आणि १९६४ सालीं वारले.