गटाराला कारखाना कोण म्हणणार?

टेंभी नाक्यावर नवरात्रात देवीपुढे रोषणाई असते, गर्दी मावत नाही. त्याच डांबराखालून गटार जातं. त्यात उतरणाऱ्याचा इतिहास कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

मित्रांनो, बाबासाहेबांना आपण घटनेपुरतं ठेवलंय. 1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर 1943 मध्ये धनबादला जाऊन कोळशाच्या खाणीत स्वतः खाली उतरले. पुढच्याच महिन्यात खाणकामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. मंत्री खाणीत उतरतो, हे मला मोठं वाटतं.

मग जगजीवनराम मजूरमंत्री असताना 1948 चा कारखाने कायदा आला. त्यातलं 36 वं कलम मुद्दाम वाचा. टाकी, खड्डा, नळ, असल्या कोंडलेल्या जागेत विषारी वायू असेल तर आधी तो काढायचा. मग जाणकाराने स्वतः तपासून लेखी दाखला द्यायचा. नाहीतर उतरणाऱ्याला श्वासाचं यंत्र, अंगाला पट्टा, पट्ट्याला दोर, आणि दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात. म्हणजे 1948 सालीच सगळं ठाऊक होतं!

पण हे कारखान्यापुरतं. कारखाना म्हणजे विजेवर दहा कामगार, विजेवाचून वीस. (नोव्हेंबर 2025 च्या नव्या संहितेत हेच आकडे वीस आणि चाळीस झाले.) रस्त्यावरचं गटार, सोसायटीची टाकी यात कुठं बसणार? वायू तर तोच. आधी सडक्या अंड्याचा वास येतो, वायू वाढला की नाक मरतं, वासच कळत नाही. माणसाला वाटतं, गेला वायू. गिरणीत तुटलेला धागा थुंकी लावून जोडायचा, विटाळ होईल म्हणून आपल्या माणसांना विणखात्यात घेत नव्हते. गटारात उतरताना मेहतराला, मांगाला, महाराला कुणी विटाळ सांगून अडवलं?

1 नोव्हेंबर 2018 ला कल्याण पूर्वेत विहीर साफ करायला एक जण उतरला. त्याला काढायला मागून बाकीचे. पाच मेले, त्यात अग्निशामक दलाचे दोन जवान. वायूला जात कळत नाही, आधी कुणाला उतरवायचं हे ठरवणाऱ्याला बरोबर कळते. मे 2019 मध्ये इथं ठाण्यातच, ढोकाळीला, एका सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीत तिघे गेले.

तेव्हा 2013 चा कायदा होताच. साधनांशिवाय गटारात उतरवणं गुन्हा, पहिल्या खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद. तो लागू झाला 6 डिसेंबरला, तारीख बघा. सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये मेलेल्याच्या घरी दहा लाख द्यायला सांगितले, ऑक्टोबर 2023 मध्ये तीस लाख केले.

आपले कार्यकर्ते मोर्चात भरपाईचा आकडा मागतात. मागावाच. पण त्याआधी कंत्राटदाराकडे कागद मागा. वायू तपासला कुणी, सही कुणाची, दोर कुणाच्या हातात होता? पोलीस पंचनामा करतील तेव्हा तिथंच उभं राहून ही तीन उत्तरं लिहून घ्या.