मळी त्यांची, माळ आमचा

"तुम्हाला जमिनी दिल्या, त्या तुम्ही पाडून ठेवल्या." कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावागावांत हा टोमणा आम्ही ऐकत आलो आहोत. त्याला उत्तर रागाने देऊन भागणार नाही. ते मातीने आणि इतिहासाने द्यावे लागेल.

कोल्हापूर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे ऊस येतो. पण गगनबावड्याकडून पूर्वेला हातकणंगले-शिरोळकडे यावे तसा पाऊस झपाट्याने घटतो. मातीही सगळीकडे सारखी नाही. पंचगंगा, वारणा, कृष्णेच्या काठची मळी खोल, काळी, ओल धरणारी. माळावर वीतभर माती, खाली मुरूम. पहिल्या पावसावर पेरले तर बी दोन्हीकडे उगवते. मग उघडीप पडली की मळीतले रोप खालच्या ओलीवर तगते. माळावरच्या रोपाचे मूळ मुरमाला टेकते आणि ते वाळून जाते. दुबार पेरणी म्हणजे दुबार बियाणे आणि दुबार कर्ज. चाऱ्याचेही तेच. पातळ मातीत बेसुमार चराई झाली की पवन्या, मारवेल ही चांगली गवते हटतात आणि कुसळी माजते. तिला कुसळे धरली की जनावर तोंड लावत नाही.

मग प्रश्न असा की मळी कोणाकडे गेली आणि माळ कोणाकडे आला?

महारांच्या वतनी जमिनी गावाच्या आणि सरकारच्या राबणुकीशी बांधलेल्या होत्या. तुकड्यात भाऊबंदांचे अनेक हिस्से, आणि तराळकी केव्हा बोलावेल याचा नेम नाही. अशा जमिनीत ताली कोण घालणार, खत कोण ओढणार? राजर्षी शाहू महाराजांनी 1918 साली करवीर संस्थानात महार वतने रद्द करून त्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावे रयतावा केल्या. हे क्रांतिकारक पाऊल होते, कारण जमीन प्रथमच राबणुकीतून सुटली.

त्याच 1918 साली बाबासाहेबांचा भारतातल्या लहान शेतजमिनींवरचा निबंध प्रसिद्ध झाला. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्याच्या जोडीला भांडवल आणि अवजारे किती आहेत त्यावर ठरते, असे त्यांनी त्यात मांडले. आमच्या माळाला ही कसोटी लावून पाहा. ताली, गाळ, शेणखत आणि विहीर यांच्याशिवाय दिलेला चार एकर मुरूम हा फक्त सातबाऱ्यावरचा आकडा असतो.

ब्रिटिश मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी 1928 साली महार वतन विधेयक मांडले, पण ते पार पडले नाही. वतने संपवणारा कायदा यायला 1958 उजाडले. पुढे 1961 चा कमाल जमीनधारणा कायदा आला. त्यात कोणती जमीन ठेवायची हे निवडण्याची मुभा जमीनदारालाच होती. निवड त्याच्या हाती असेल तर मळी सोडून कोण देईल? कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 6 डिसेंबर 1964 पासून लाखो भूमिहीन सत्याग्रहाला उतरले, तेव्हा मागणीत पडीक आणि गायरान जमिनीच होत्या. चांगल्या जमिनी आधीच वाटल्या गेल्या होत्या.

गायरान कसणारा आजही अतिक्रमणदार ठरतो. ज्या माळावर गवतसुद्धा धड धरत नव्हते तिथे दगड वेचून, ताली घालून ज्यांनी माती अडवली, त्यांनी जमीन बळकावली नाही, जमीन घडवली. गावाला चराई हवी हे आम्हालाही मान्य आहे. पण गायरानावर चराई करणारा बडा गोठेवाला आणि त्यावर पोट भरणारा भूमिहीन यांना एका मापाने मोजू नका.

आज दादासाहेबांच्या नावाची योजना भूमिहीनाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देते. आमची मागणी साधी आहे. जमीन देण्याआधी खड्डा घेऊन मातीची खोली तपासा, ती कागदावर लिहा. माळ देणार असाल तर ताली, गाळ आणि पाण्याची सोय त्याच आदेशात द्या. नाहीतर उद्या पीक वाळेल, आणि दोष पुन्हा आमच्या जातीला दिला जाईल.

जय भीम!