सोबतीचा इतिहास : डहाणू आणि तलासरी

घरच्या वृद्ध माणसाजवळ घटकाभर कोणी बसावें, ही गोष्ट आपण प्रेमाच्या किंवा कर्तव्याच्या सदरांत घालतों. इतिहासाच्या सदरांत ती सहसा कोणी घालीत नाहीं. परंतु डहाणू व तलासरी या तालुक्यांचा वृत्तांत पाहिला म्हणजे असें दिसतें कीं, जवळ बसण्यास आधीं मोकळा वेळ लागतो, आणि तो वेळ कोणाच्या मालकीचा हा प्रश्न प्रेमाच्याही अगोदरचा आहे.

वारली समाजांत म्हातारपण म्हणजे अडगळ नव्हे. तेथें लग्न लागतें तें धवलेरीच्या गाण्यांनीं. वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या कथा हीच तेथील पोथी. मग उणें कशाचें होतें? घरांत राहूं शकणाऱ्या माणसांचें! जमीनदाराचा निरोप आला कीं आपलें शेत टाकून त्याच्या कामास जावें, ही वेठ. लग्नासाठीं कर्ज काढणारा तरुण 'लग्नगडी' होई. तो व त्याची बायको दोघेंही सावकाराकडे वर्षानुवर्षें राबत. 1939 सालीं प्रसिद्ध झालेल्या सिमिंग्टन यांच्या सरकारी अहवालांत या गुलामगिरीची नोंद आहे. कर्तीं माणसें अशीं ओढून नेल्यावर मागें राहिलेल्या म्हाताऱ्याच्या उशाशीं कोण बसत असेल, हें समजण्यास मात्र अहवालाची गरज नाहीं.

23 मे 1945 रोजीं, आज तलासरी तालुक्यांत असलेल्या झरी गांवीं हजारों वारली जमले. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेची ती परिषद होती. वेठ करावयाची नाहीं, आणि दिवसाला बारा आणे मजुरी मिळाल्यावांचून जमीनदाराच्या शेतांत राबावयाचें नाहीं, असें तेथें ठरलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तलवाडा येथें पोलिसांनीं गोळीबार केला व पांच जण प्राणास मुकले. किंमत जबर पडली. पण वेठ मोडली. या लढ्यास मजुरीचा लढा म्हणतात, तें योग्यच आहे. माझ्या मतें तो दिवस मावळल्यावर आपल्या घरीं परतण्याच्या हक्काचाही लढा होता.

योगायोग असा कीं, त्याच 1945 च्या डिसेंबरांत डहाणू तालुक्यांतील बोर्डी येथें ताराबाई मोडकांनीं बालशिक्षणाचें केंद्र उघडलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. मुलें शाळेंत येत नाहींत, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत न्यावी, ही त्यांची युक्ति. अंगणवाडीचा विचार त्यांतून वाढला.

आज वेठ नाहीं. वेठबिगारीस बंदी करणारा कायदा 1976 सालीं झाला. पण पावसाळा सरला कीं अनेक कुटुंबें उचल घेऊन वीटभट्ट्यांकडे निघतात आणि पाड्यावर म्हातारीं माणसें उरतात. आईबापांच्या निर्वाहाचा कायदा 2007 सालीं झाला. निराधार वृद्धांसाठीं श्रावणबाळ योजनेचें निवृत्तिवेतनही आहे. त्या पैशांतून औषध येतें. पण रात्रीं उबळ आली असतां उठून पाण्याचें भांडें पुढें करण्यास माणूसच लागतो.

शहरांतील आपलें घर तरी निराळें आहे काय? मुलगा कचेरींत, सून नोकरीवर, नातवंडें शाळेंत, आजोबा खिडकीशीं. येथें कोणी सावकार नाहीं, तरी घरचा वेळ बाहेरच गहाण पडलेला! अशा वेळीं मुलांना कृतघ्न म्हणून मोकळें होणें सोपें आहे; त्यानें आजोबांची दुपार सरत नाहीं.

तेव्हां 1945 च्या त्या दोन प्रयत्नांकडे पाहावें. पाड्यांत वा चाळींत एखाद्या विश्वासू माणसानें ठरल्या वेळीं वृद्धाच्या ओट्यावर जावें, वर्तमानपत्र वाचावें, औषधाची आठवण द्यावी, जुनी हकीकत पुन्हां एकदां ऐकावी. अंगणवाडी मुलाकडे गेली, तशी ही सोबत म्हाताऱ्याकडे जावी. आणि अशा सोबत्यास त्याच्या वेळेचे योग्य दाम मिळावेत. म्हाताऱ्याची सोबत व्हावी म्हणून दुसऱ्या कोणावर वेठ लादणें, हें झरीच्या भूमीस शोभणार नाहीं.