इन्व्हर्टर जनरेटर : वीज गेल्यावरची घरगुती सोय

इन्व्हर्टर जनरेटर : पेट्रोलवर चालणारे, एक-दोघांना उचलता येईल किंवा चाकांवर ढकलत नेता येईल असे वीज तयार करणारे यंत्र. वीज गेल्यावर फ्रिज, पंखे, दिवे, मोबाइल-लॅपटॉप आणि झेपली तर पाण्याची मोटार यांसाठी ते वापरतात. महाराष्ट्रात जिन्याखाली किंवा टीव्हीच्या मागे बॅटरीसकट बसवलेला ‘इन्व्हर्टर’ वेगळा. तो साठवलेली वीज परत देतो, नवी तयार करत नाही.

साध्या जनरेटरात इंजिनाचे फेरे आणि विजेची वारंवारता एकमेकांना जखडलेली असतात. भारतात ५० हर्ट्झ हवे, म्हणून दोन ध्रुवांच्या जनरेटरचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनीच फिरले पाहिजे. अमेरिकेत ६० हर्ट्झसाठी ३६००. घरात एकच बल्ब लागलेला असो की सगळे घर उजळलेले, इंजिन तेवढ्याच जोराने ठणठणत राहते. मोटार चालू केली की ते दबते, दिवे मंदावतात आणि टीव्हीवाला घाबरून टीव्ही बंद करतो. इन्व्हर्टर जनरेटरने ही बेडी तोडली. यात बरेच ध्रुव असलेला, कायम चुंबकाचा अल्टरनेटर आधी उच्च वारंवारतेची वीज काढतो. तिची डीसी केली जाते आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट त्या डीसीतून नेमक्या ५० किंवा ६० हर्ट्झची स्वच्छ साइन लहर घडवते. इंजिन किती वेगाने फिरते याच्याशी बाहेर पडणाऱ्या विजेचा थेट संबंध उरत नाही. म्हणून लोड कमी असेल तेव्हा ‘इको’ खटका इंजिनाला खाली आणू शकतो. आवाज, इंधन आणि झीज, तिन्ही त्यातून वाचतात.

होंडाने आपला ई-३०० हा छोटा जनरेटर १९६५ मध्ये बाजारात आणला. इन्व्हर्टरची पिढी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. महाराष्ट्रातल्या दुकानदारांच्या आठवणीतला जनरेटर मात्र नव्वदच्या दशकातला श्रीराम होंडा किंवा बिर्ला यामाहा. पेट्रोलवर दोरी ओढून सुरू करायचा आणि इंजिन तापले की रॉकेलवर घ्यायचा. फुटपाथवर तो लागला की शेजारच्या दुकानात बोलणे ऐकू येत नसे.

तुलनेला अमेरिकी बाजार सोयीचा, कारण चक्रीवादळे, हिमवादळे आणि वणव्याच्या भीतीने केली जाणारी वीजबंदी यांमुळे तिथे घरटी खरेदी होते आणि निवडीला वाव मोठा आहे. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा क्षणिक क्षमतेचा असतो. सतत मिळणारी वीज त्याहून कमी. होंडाच्या ईयू-२२००आय या बहुचर्चित यंत्राचे सततचे वॉट १८००, ईयू-३०००आयएसचे २८००, हार्बर फ्रेट या अमेरिकी दुकानसाखळीच्या प्रिडेटर-३५०० चे ३०००, वेस्टिंगहाउसच्या आयजेन-४५०० चे ३७०० आणि होंडाच्या ईयू-७०००आयएसचे ५५००. यांतला पहिला सुमारे साडेएकवीस किलोचा, पाण्याच्या भरल्या कळशीसारखा एका हाताने नेता येतो. ईयू-३०००आयएस साठ किलोच्या आसपास, आणि ईयू-७०००आयएस ११५ किलोंच्या वर, म्हणजे चाके असली तरी पायरी आली की दोन माणसे लागतात. हार्बर फ्रेटचे यंत्र होंडाच्या त्याच गटातल्या यंत्रापेक्षा बरेच स्वस्त पडते, आणि गेली काही वर्षे खरेदीदारांचा मुख्य वाद याच जोडीवर आहे. होंडाच्या बाजूने बोलतात ते सुटे भाग आणि दुरुस्तीची हमी. पण नावावर डोळे मिटून विसंबू नये. पेट्रोल गळून आग लागण्याच्या धोक्यामुळे २०१९ मध्ये याच कंपनीला ईयू-२२००आयची सुमारे दोन लाख यंत्रे अमेरिकेत परत बोलवावी लागली होती.

आवाजाच्या आकड्यांत तर सरळ फसगत होते. होंडा ईयू-२२००आयसाठी ४८ ते ५७ डेसिबल सांगते, ते सात मीटरवरून मोजलेले. भारतात पेट्रोल आणि रॉकेलच्या जनरेटरना १ सप्टेंबर २००३ पासून ८६ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती यंत्रातून बाहेर पडणाऱ्या एकूण ध्वनिशक्तीची. मोकळ्या जागेत त्याचे सात मीटरवर साधारण ६१ डेसिबल होतात. म्हणजे ८६ आणि ५७ शेजारी ठेवून ‘परदेशी यंत्र कितीतरी शांत’ म्हणणे बरोबर नाही. तुलना ६१ आणि ५७ ची आहे, तीही पूर्ण लोडवर. खरा फरक कमी लोडवर जाणवतो. निवासी भागातली रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, तेव्हा शांत म्हणवणारे यंत्रसुद्धा शेजाऱ्याच्या खिडकीपासून लांबच हवे.

या यंत्राची एक कमजोरी जाहिरातीत कधी येत नाही. पाण्याची एक एचपीची मोटार चालताना हजार-अकराशे वॉट घेते, पण सुरू होताना त्याच्या तिप्पट ते पाचपट झटका मागते. साध्या जनरेटरचा जड फिरता रोटर असा क्षणिक झटका थोडाफार पचवतो. इन्व्हर्टरचे इलेक्ट्रॉनिक सर्किट स्वतःला वाचवते : लाल दिवा लागतो, वीज तुटते आणि इंजिन मात्र चालूच राहते. अठराशे वॉटच्या यंत्रावर एक एचपीची मोटार बहुधा उठणारच नाही. फ्रिजचे तसे नाही; नवे इन्व्हर्टर कंप्रेसरचे फ्रिज आणि एसी हळूहळू वेग घेतात, त्यांचे अशा यंत्राशी चांगले जमते. उंचीचाही हिशेब धरावा लागतो. दर तीनशे मीटरला इंजिनाची साडेतीन टक्क्यांच्या आसपास ताकद जाते. पुण्यात हे सहा-सात टक्के, महाबळेश्वरला पंधराच्या पुढे.

इंधनाचे गणित सगळ्यांत उपयोगाचे. ईयू-२२००आयच्या टाकीत ३.६ लिटर पेट्रोल मावते. पूर्ण लोडवर ते ३.२ तास पुरते, चौथाई लोडवर ८.१ तास. आठ तासांचा आकडा जाहिरातीत ठळक असतो, पण विजेच्या युनिटमध्ये मांडले की चित्र उलटते. पूर्ण लोडवर लिटरमागे १.६ युनिट मिळतात, चौथाई लोडवर जेमतेम एक. यंत्र शांतपणे जास्त वेळ चालते, पण लिटरमागे वीज कमी देते. महाराष्ट्रात पेट्रोल शंभर रुपयांच्या वर आहे. म्हणजे एका युनिटला साठ ते शंभर रुपये. दिवसरात्र चौथाई लोडवर ठेवले तर साडेदहा-अकरा लिटर लागतात. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे, विक्रीसाठी नसलेले पेट्रोल विनापरवाना तीस लिटरपर्यंतच ठेवता येते. तीन दिवससुद्धा पुरे होत नाहीत.

आणि ऐन वेळी पेट्रोल मिळेल याची खात्री नसते. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा बऱ्याच पंपांच्या टाक्या भरलेल्या होत्या, पण पंप चालवायला वीज नव्हती. राज्यपाल ख्रिस ख्रिस्ती यांनी ३ नोव्हेंबरपासून बारा काउंट्यांत गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम पेट्रोल सुरू केले. एडिसन आणि आसपासची मराठी कुटुंबे ज्या मिडलसेक्स काउंटीत राहतात, ती त्या बारांत होती. जनरेटर घरात होता त्यांनाही हातात कॅन घेऊन रांगेत उभे राहावे लागले.

जीव घेणारी गोष्ट धूर. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या हिशेबाने तिथे सुट्या जनरेटरच्या धुराने वर्षाला शंभराच्या आसपास माणसे दगावतात; एकटा जनरेटर शेकडो मोटारींइतका हा वायू सोडू शकतो. २०२० च्या लॉरा वादळानंतर लुइझियानात आणि फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासमध्ये याच कारणाने कुटुंबे रुग्णालयात पोहोचली. आयोगाचा सल्ला घरापासून किमान वीस फूट, म्हणजे सहा मीटर, आणि सायलेन्सरचे तोंड घराच्या उलट बाजूला. हल्लीच्या अमेरिकी यंत्रांत २०१८ च्या मानकाप्रमाणे सेन्सर असतो. हवेत वायू दशलक्षात ८०० भाग झाला, किंवा दहा मिनिटांची सरासरी ४०० झाली, की यंत्र आपोआप बंद पडते. पण सेन्सर यंत्राला चिकटलेला असतो. यंत्र खिडकीखाली मोकळ्या हवेत असेल आणि धूर खिडकीतून आत जात असेल, तर त्याला कळायचा मार्ग नाही. शांत यंत्र बाल्कनीत ठेवण्याचा मोह सर्वांत मोठा, म्हणून धोकाही त्याच ठिकाणी अधिक.

जोडणीतली चूक दुसऱ्याच्या जिवावर येते. दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप लावलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीच्या सॉकेटातून घरात सोडण्याचा जुगाड खेड्यातही होतो आणि शहरातही. मेन स्विच पाडायचा राहिला तर ती वीज उलट्या दिशेने ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाते आणि पलीकडच्या तारेत ११ हजार व्होल्ट होतात. लाइन बंद आहे असे समजून वायरमन खांबावर चढलेला असतो. त्याला उपाय चेंजओव्हर स्विच, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, परवानाधारक वायरमनकडून बसवलेला.

बहुतेक छोट्या इन्व्हर्टर जनरेटरमध्ये न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. अमेरिकेतल्या घर तापवणाऱ्या गॅस भट्टीची ज्योत-तपासणी न्यूट्रल-अर्थ जोडणीवर अवलंबून असल्याने भट्टी पेटते आणि लगेच विझते. अनेकांना वाटते जनरेटर बिघडला. खरे तर रिकाम्या सॉकेटात न्यूट्रल-अर्थ जोडणारा एक प्लग घातला की काम होते. तिथल्या छोट्या यंत्रातून फक्त १२० व्होल्ट मिळतात, २४० हवे असलेली विहिरीची मोटार त्यांवर चालत नाही. भारतात ही अडचण नाही, सगळे २३० व्होल्टचे. मात्र तिकडचे यंत्र सामानात घालून आणण्यात अर्थ नाही : व्होल्टेजही वेगळे, वारंवारताही.

निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, दापोली, मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. इतक्या दिवसांची गैरसोय एकटी बॅटरी निभावू शकत नाही आणि एकटा जनरेटर परवडत नाही. दोन्ही एकत्र चालतात, पण लोकांना वाटते त्या पद्धतीने नाही. घरातल्या १५० अँपिअर-अवरच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीत पावणेदोन युनिटांच्या आसपास वीज मावते, आणि साधा इन्व्हर्टर तिला दहा-पंधरा अँपिअरनेच भरतो, म्हणजे दोनशे वॉटच्या आसपास. तीन तासांत ती भरणार नाही. उगाच जनरेटर कमी लोडवर चालून पेट्रोल जाईल. शहाणपणा असा : सकाळ-संध्याकाळ दोन-तीन तास यंत्र लावावे, त्याच वेळात पाण्याची टाकी भरून घ्यावी, फ्रिज गार करावा आणि बॅटरीही चार्ज करावी, म्हणजे लोड वर राहतो. दार न उघडल्यास फ्रिज पुढे चार तास तग धरतो. लिथियमची बॅटरी जास्त अँपिअर घेते, तिथे हा मेळ अधिक चांगला बसतो.

वर्षातून दोनदा लागणाऱ्या यंत्राला जुने पेट्रोल मारते. कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये डिंक साचतो. ईयू-२२००आयमध्ये इंधन तोडणारा वेगळा खटका आहे. तो दिला की इंजिन कार्बोरेटरमधले उरलेसुरले पेट्रोल पिऊन आपोआप थांबते. ज्या यंत्रात तो नाही तिथे कॉक बंद करून इंजिन थांबेपर्यंत चालवावे. ईयू-७०००आयएसला इंजेक्शन असल्याने हा त्रास कमी. अमेरिकेतल्या पुस्तिका दहा टक्क्यांहून अधिक इथेनॉल नको म्हणतात आणि भारतात पंपांवर आता वीस टक्क्यांचे पेट्रोल आहे, म्हणून आपल्या मॉडेलची पुस्तिका पाहावीच. ऑइल पहिल्यांदा वीस तासांनी, नंतर दर शंभर तासांनी बदलायचे. सलग चालवले तर शंभर तास चार दिवसांत होतात, म्हणून वादळाआधी पेट्रोलबरोबर ऑइलचा डबाही घरात हवा.

कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये ठरवलेल्या नियमाप्रमाणे २०२८ च्या मॉडेलपासून नवे सुटे जनरेटर शून्य उत्सर्जनाचे असावे लागतील, म्हणजे व्यवहारात बॅटरीचेच. सपाट छताच्या, भरपूर ऊन असलेल्या घराला सौर पॅनेलवर भरणाऱ्या बॅटरीचा रस्ता आजच बरा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने जनरेटरचा विचार करू नये; यंत्र ठेवायला सहा मीटरची मोकळी जागा नसेल तर बॅटरीवर भागवावे. अंगण आहे, विहीर आहे, जुलैत आठवडाभर सूर्य दिसत नाही आणि वीज चार-चार दिवस जाते, अशा कोकणातल्या घराला अडीच-तीन हजार वॉट सततचे यंत्र रास्त. बाकीच्यांनी खरेदीआधी इलेक्ट्रिशियनला क्लॅम्प मीटर लावायला सांगून आपल्या मोटारीचा सुरू होतानाचा अँपिअर मोजून घ्यावा आणि तोच आकडा दुकानात घेऊन जावे.