दारूबंदीचा दंड कोणी भरला?

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की कन्हेरी-काटेवाडीच्या पट्ट्यात ऊस लागतो. नीरेच्या डाव्या कालव्याचे हे पाणी. उसाचा गूळ झाला, साखर झाली, मळी झाली, आणि चोरून दारूही झाली. हातभट्टीला लागणारा काळा गूळ काही विलायतेहून येत नाही.

मित्रहो, मी दारूचा वकील नाही. तीस वर्षे कामगारांत काढली. पगाराच्या संध्याकाळी कोणत्या घरात चूल पेटत नाही, हे मला ठाऊक आहे. बाटली आडवी करण्यासाठी मतदानाला उभ्या राहिलेल्या बायांचा राग खरा आहे. प्रश्न एवढाच, की त्यांच्यासाठी म्हणून जो कायदा झाला, त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला?

मुंबई शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग ऑगस्ट 1939 मध्ये झाला. अबकारीचे उत्पन्न बुडणार म्हणून त्या वर्षी शहरांतील स्थावर मिळकतीवर कर बसला आणि घरमालकांनी मोठी ओरड केली. म्हणजे तेव्हा खर्चाचा हिशेब निदान उघड्यावर मांडला गेला होता. स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री. हेतू गांधीजींचा, शंकाच नको. पण अंमल पोलिसाचा. नुसते प्यायल्याबद्दल पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि हजार रुपयांपर्यंत दंड! त्या काळच्या गिरणी कामगाराने हजार रुपये एकत्र कधी पाहिले असतील काय?

त्यातही पंक्तिप्रपंच होता. मुंबईच्या बलसारा नावाच्या गृहस्थांनी व्हिस्की, ब्रँडी आणि ऑ द कोलोनसुद्धा बाळगण्याचा हक्क कोर्टात मागितला. मे 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी उचलून धरला. मात्र मद्यार्क असलेली औषधे व सुगंधी द्रव्ये मोकळी केली. प्रकृतीच्या कारणासाठी परवाने होतेच. ज्याला डॉक्टर परवडतो त्याची प्रकृती बिघडते. बाकीच्यांची नियत बिघडते.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापुरासारख्या ठिकाणी माणसे तारेच्या कुंपणात ठेवली होती. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा देशभर रद्द झाला. कुंपण गेले, पण हाती ना जमीन ना धंदा. त्यांतल्या काहींना भट्टीने पोट दिले आणि पोलिसाला जुनीच नावे नव्या कलमाखाली सापडली. जन्माने गुन्हेगार ठरवणे बंद झाले. पोटाने ठरवणे सुरू झाले.

1960 च्या दशकात महाराष्ट्राने बंदी सैल केली, गुजरातने ठेवली. आपल्याकडे कायदा मात्र रद्द झाला नाही. रस्त्याकडेच्या पाट्यांवरचा ‘परमिट रूम’ हा शब्द त्याचेच हाड आहे. पुढे साखर कारखान्यांनी मळीवर डिस्टिलऱ्या उभारल्या. ती दारू सरकारच्या तिजोरीत कर घालते. कॅनमधली दारू माणसाला कोठडीत घालते, आणि कधी स्मशानात. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. ती स्वस्त पिणारी माणसे होती, हे सांगायला नको.

तुरुंगाची भिंत सर्वांना दिसते. तारखेचा खर्च दिसत नाही. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि उचल त्या कोयत्यावर मिळते. नवरा कोर्टात गेला की बायकोचाही दिवस बुडतो. मोळी एकट्याने बांधून ट्रॉलीवर चढत नाही. जामीनदाराचा दिवस बुडतो तो वेगळाच, आणि त्याचा चहा-वडा आरोपीच्याच माथी.

आमच्या ओळखीचा एक तोडणीवाला पाच लिटरच्या कॅनसह सापडला. आपण निर्दोष आहोत असे त्याचे म्हणणे नव्हते. कॅन आपला नव्हे, एवढेच म्हणणे होते. तीन हंगामांत अकरा तारखा झाल्या. पंच एकदाही आला नाही. तारखेला तो मराठवाड्यातून रात्रीच्या एसटीने यायचा आणि कोर्टाच्या ओट्यावर निजायचा. मी म्हणालो, “लढ, सुटशील.” बायको म्हणाली, “भाऊ, सुटेपर्यंत आमचं काय उरंल?” बाराव्या तारखेला त्याने गुन्हा कबूल केला. दंड किरकोळ होता. तो मुकादमाने भरला आणि पुढच्या हंगामाच्या उचलीत मांडला.