मॅनिफोल्ड व्हॅक्यूम

मॅनिफोल्ड व्हॅक्यूम म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधील हवेचा दाब आणि बाहेरील वातावरणाचा दाब यांतील फरक होय. इंजिन आयडलिंगवर असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो व दट्ट्ये हवा खेचत असतात; त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये अंशतः निर्वात स्थिती निर्माण होते. जुन्या इंधन अंतःक्षेपण (फ्युएल इंजेक्शन) इंजिनांच्या दोषनिदानात हे मापन उपयुक्त ठरते.

== सामान्य मूल्य ==
समुद्रसपाटीवर सुस्थितीतील गरम इंजिनाचे वाचन साधारणतः १७ ते २१ इंच पारा (सुमारे ५७ ते ७१ किलोपास्कल) असून काटा स्थिर राहतो. दर ३०० मीटर उंचीमागे ते सुमारे १ इंचाने घटते. त्यामुळे महाबळेश्वरसारख्या ठिकाणी मुंबईपेक्षा सुमारे ४ इंच कमी वाचन येणे हा दोष नव्हे.

== कमी वाचनाची कारणे ==
* हवेची गळती : तडकलेली रबरी नळी, मॅनिफोल्डचे गास्केट किंवा ब्रेक बूस्टरचा पडदा. वाचन कमी पण स्थिर असते.
* उशिरा होणारे प्रज्वलन किंवा दात सरकलेला टायमिंग बेल्ट : इंजिनाची कार्यक्षमता घटते. फेरे टिकवण्यासाठी संगणक आयडल एअर व्हॉल्व्ह अधिक उघडतो. त्यामुळे फेरे नेहमीसारखे भासले तरी व्हॅक्यूम कमी राहतो.
* जळालेला व्हॉल्व्ह : काटा ठरावीक अंतराने खाली येतो.
* तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर : फेरे मिनिटाला सुमारे २,५०० वर स्थिर ठेवल्यास वाचन हळूहळू घसरत जाते.

== निदान ==
प्रथम व्हॅक्यूम गेज थ्रॉटलच्या पुढे, थेट मॅनिफोल्डला जोडतात. नंतर एकेक नळी बंद करून पाहतात. वाचन वाढल्यास गळती त्या शाखेत असते. धूर सोडून केलेली चाचणी अधिक सुरक्षित असते, कारण तापलेल्या इंजिनावर ज्वलनशील फवारा मारल्यास आग लागू शकते. गळती न आढळल्यास टायमिंगच्या खुणा व कॉम्प्रेशन तपासतात.

हवेचे वस्तुमान मोजणाऱ्या प्रणालीत गळतीची हवा मोजली जात नाही व मिश्रण विरळ होते. दाबमापक (मॅप) संवेदकाच्या प्रणालीत मात्र वाढलेला दाब भार समजला जातो, त्यामुळे इंधन वाढते. म्हणून केवळ मिश्रणावरून संवेदक बदलणे चुकीचे ठरू शकते.

== सुरक्षितता ==
ब्रेक बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो. व्हॅक्यूम अपुरा असल्यास पेडल जड होते व गाडी थांबवण्यास अधिक जोर लागतो. त्यामुळे हा दोष केवळ इंधनखर्चापुरता मर्यादित राहत नाही.