काळी एक आणि तर्जनी: गिरगावातल्या बार कॉर्डचा माग कसा काढायचा?

गिटार शिकायला लागलेल्या माणसाचे पहिले काही आठवडे मजेत जातात. सी, डी, ई, जी, ए या मोकळ्या तारांच्या कॉर्ड हळूहळू हाताखाली येतात. मग एफ येते आणि गाडी अडते. तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा पहिल्या फ्रेटवर दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढचा आकार धरायचा. तारा खरखरतात, अंगठ्याचा मांसल भाग भरून येतो. बरेच जण इथेच गिटार पलंगाखाली सरकवतात. हीच ती बार कॉर्ड.

ती कशी वाजवायची हे शिकवणारे पुष्कळ आहेत. मला प्रश्न पडतो तो इतिहासाचा. गिरगाव ते धोबीतलाव या जेमतेम मैलभराच्या पट्ट्यात हे कौशल्य कुणाला आणि कशासाठी लागलं असेल? संशोधनाकडे वळू पाहणाऱ्यांसमोर हा प्रश्न मुद्दाम ठेवतोय, कारण बोटांच्या कौशल्याचं दप्तर कुणी ठेवत नाही. मग पुरावा शोधायचा कुठे, इथपासून सुरुवात करावी लागते.

आधी हा प्रश्न पेटीच्या भाषेत मांडून बघा. सी म्हणजे पांढरी एक, डी पांढरी दोन, ई पांढरी तीन, जी पांढरी पाच, ए पांढरी सहा. गिटारवरच्या या पाचही सोप्या मेजर कॉर्ड पांढऱ्या पट्ट्यांवर बसतात. पाच काळ्यांपैकी एकीच्याही वाट्याला मोकळ्या तारांची अशी सोपी मेजर कॉर्ड आलेली नाही. आणि आपल्याकडचे गायक कुठे गातात? पुरुष काळी एक किंवा काळी दोनमध्ये, बायका काळी चार किंवा काळी पाचमध्ये, हे अगदी सर्रास. गळा जिथे खुलतो तिथे षड्ज, बाकीच्यांनी त्याच्या मागून यायचं, ही आपली रीत. म्हणजे साथीला बसलेल्या गिटारवाल्याची सगळी सोपी घरं पहिल्याच मिनिटाला बंद होतात. त्याच्याकडे उपाय दोनच: मानेवर कॅपो लावायचा, नाहीतर तर्जनीचाच कॅपो करायचा. ए कॉर्डचा आकार चौथ्या फ्रेटवर सरकवला की काळी एक मिळते. ईचा आकार चौथ्यावर नेला की काळी चार, सहाव्यावर नेला की काळी पाच. स्केल चेंजर पेटीत वादक अख्खा पट्ट्यांचा संच सरकवतो. इथे हात सरकतो, एवढाच फरक.

ही युक्ती जुनी आहे. १६०६ मध्ये फ्लॉरेन्सला जिरोलामो मोंतेसार्दो याने गिटारच्या कॉर्डना अक्षरं देणारं पुस्तक छापलं. या 'आल्फाबेतो' पद्धतीत पुढे अक्षरावर आकडा लिहू लागले: हाच आकार, पण इतक्या फ्रेटवर. सरकवायच्या आकारांत दोन होते एफ आणि बी फ्लॅट. आज शिकवणीत ज्यांना 'ई शेप' आणि 'ए शेप' म्हणतात ते हेच, पहिल्या फ्रेटवर धरलेले. गिटारला तेव्हा तारांच्या पाच जोड्या असत, पण तर्जनीचं काम तेच होतं.

आता परत मुंबईत. गिरगावच्या संगीताचा इतिहास आपण बहुधा एकाच बाजूने सांगतो. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०८ मध्ये मुंबईत आणलेलं गांधर्व महाविद्यालय, त्यांचे शिष्य बी. आर. देवधर यांनी १९२५ मध्ये सुरू केलेलं आणि ऑपेरा हाउसजवळ वाढलेलं 'स्कूल ऑफ इंडियन म्युझिक', तिथे लहान वयात शिकायला आलेले कुमार गंधर्व. हे सगळं खरंच आहे. पण चिराबाजार ओलांडून धोबीतलावाला पोचलात की गोवेकरांचे क्लब लागतात, ज्यांना 'कूड' म्हणतात. एकेका गावाचा एकेक कूड, आणि नोकरीसाठी आलेल्या माणसाला तिथे खाट मिळायची. यातले कितीतरी वादक गोव्यातल्या चर्चच्या शाळेत सोल्फेज आणि व्हायोलिन शिकून आलेले. दुकानंही इथलीच; फुर्तादोस आपली स्थापना १८६५ ची सांगतं.

या वादकांचीही काळ्या पट्ट्यांशी गाठ पडत होती, फक्त वेगळ्या कारणाने. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी आपला जॅझ बँड घेऊन ताजमध्ये आला आणि शहरात ती हवा पसरली. जॅझ बँडात पुढे असतात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्स बी फ्लॅटची वाद्यं, आल्टो सॅक्स ई फ्लॅटचं. बी फ्लॅट म्हणजे काळी पाच, ई फ्लॅट म्हणजे काळी दोन. फुंकणाऱ्याच्या सोयीची पट्टी गिटारवाल्याच्या गैरसोयीची. एकीकडे गळा, दुसरीकडे पितळ, आणि दोघांनी ढकललं ते त्याच अवघड जागी. माझ्या मते गिरगावातल्या बार कॉर्डच्या इतिहासाचा कणा हा आहे. 'पाश्चात्त्य वाद्य आलं, आपण ते उचललं' या नेहमीच्या कथेत ही दुहेरी गरज दिसतच नाही.

दोन्ही बाजू भेटल्या त्या सिनेमाच्या संगीतात. सी. रामचंद्र, म्हणजे आपले राम चितळकर, आणि ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट यांची 'अलबेला'तली (१९५१) संगत प्रसिद्ध आहे. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे अरेंजर गोव्याचेच.

इथे पुराव्याची गंमत सुरू होते. पलुस्कर किंवा भातखंडे यांच्या स्वरलिपीत सा म्हणजे सा; तो काळी एकचा की पांढरी चारचा, हे त्या कागदावरून कळत नाही. अरेंजरच्या स्टाफ नोटेशनमध्ये पट्टी कळते, वर कॉर्डचं नावही असतं. पण तर्जनी आडवी होती की कॅपो लावला होता, हे दोन्हींपैकी एकाही कागदावर सहसा नसतं. लिखित साधन कितीही चांगलं असलं तरी इथे एका हद्दीपाशी थांबतं.

मग ध्वनिमुद्रण? ऐका, पण जपून. ७८ च्या तबकडीचा वेग सुमारे सहा टक्के वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो आणि काळी एकची पांढरी दोन होते. वेगाची खातरजमा न करता 'हे गाणं अमुक पट्टीत' असं लिहू नका. त्यापेक्षा नादाकडे लक्ष द्या. मोकळी तार वाजल्यावर गुंजत राहते. बार कॉर्डमध्ये सगळ्या तारा बोटांखाली असल्याने हात जरा सैल केला की आवाज तिथल्या तिथे तुटतो. तो 'चक, चक' असा आखूड ठेका सलग ऐकू आला, तर बहुधा मोकळ्या तारा नाहीत.

आणखी एक खड्डा आहे. त्या काळच्या जाहिरातीत किंवा आठवणीत नुसतं 'गिटार' दिसलं तर ती हवाइयन असू शकते. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग हे त्या गिटारचे बडे वादक. ती आडवी ठेवून तारांवर धातूचा तुकडा सरकवून वाजवतात, त्यामुळे मींड सुरेख निघते. तिथे तर्जनीच्या बारचा प्रश्नच येत नाही.

उरतात माणसं. लेबलावर गायक असतो, संगीतकार असतो, साथीच्या गिटारवाल्याचं नाव क्वचितच. ग्रेगरी बूथ यांनी 'बिहाइंड द कर्टन' (२००८) मध्ये स्टुडिओतल्या वादकांना बोलतं केलं, नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) मध्ये जॅझवाल्यांचा शोध घेतला. ही दोन्ही पुस्तकं मुलाखतीची तयारी म्हणून वाचा. पण वयस्कर वादकासमोर बसलात की 'तुम्ही बार कॉर्ड कधी शिकलात?' असं विचारू नका. कौशल्य अंगात मुरलं की त्याची तारीख आठवत नाही. गिटार हातात द्या, 'अंकल, काळी एक द्या ना' म्हणा, आणि हात कुठे जातो ते टिपून घ्या: चौथ्या फ्रेटवर, नवव्या फ्रेटवर, की कॅपो शोधायला खिशात.